रजा नाही म्हणून सिरप

दीड-दोन वर्षांच्या मुलाचे नाक दहा दिवस गळते आहे, रात्री ते खोकून उठते आहे, पण दिवसा खेळते, थोडेफार जेवते, अंगात ताप नाही. अशा मुलाला कोणते औषध द्यावे? या प्रश्नाचे वैद्यकशास्त्राने दिलेले उत्तर औषधाच्या दुकानापर्यंत गेलेल्या आईबापाला पटत नाही: कोणतेच नाही. साधी सर्दी दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कुठल्याही एकाने होते आणि त्यातल्या बहुतेकांवर औषध नाही. या वयाच्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे, त्या वयाचा तो रिवाजच आहे. २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने मुलांच्या अशा दुखण्यांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासून छापले. खोकला आलेल्या मुलांपैकी निम्मी दहाव्या दिवसापर्यंत बरी होतात, पण दहातली नऊ बरी व्हायला पंचवीस दिवस लागतात. म्हणजे आपण ज्याला 'सर्दी हटतच नाही' म्हणतो, ती बहुतेक वेळा आपल्या वेळापत्रकाने चाललेली असते. घाई आपल्याला असते, आणि ती का असते याची चर्चा आपण करत नाही. माझ्या मते लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचा प्रश्न हा जितका औषधाचा, तितकाच रजेचा प्रश्न आहे.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात काय घडले ते नागपूर जिल्ह्याला तरी सांगायला नको. त्या दोन महिन्यांत सव्वाशे किलोमीटरवरच्या छिंदवाडा जिल्ह्यातून, विशेषतः परासिया भागातून, मूत्रपिंडे निकामी झालेली मुले नागपूरच्या रुग्णालयांत येत राहिली. बहुतेक पाच वर्षांखालची. सुरुवात साध्या सर्दी-तापाने झालेली, मग उलट्या, मग लघवी बंद. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांना दिलेले 'कोल्ड्रिफ' हे सिरप तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात तयार झाले होते. तपासणीत त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन ४८.६ टक्के निघाले. मर्यादा ०.१ टक्के आहे. बाटलीतला जवळपास निम्मा ऐवज विष होता. या रसायनाची महाराष्ट्राला ओळख नाही असेही नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेले ग्लिसरीन देऊन १४ रुग्ण गेले आणि न्या. लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली. २०२२ मध्ये भारतात बनलेल्या सिरपांनी गांबियात किमान ६६ मुलांचा बळी घेतल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला, त्याच वर्षी उझबेकिस्तानातही तेच घडले. कारण दरवेळी जवळपास एकच आहे. सिरपात औषध विरघळवण्यासाठी प्रॉपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन लागते, औद्योगिक दर्जाचा माल स्वस्त पडतो, आणि कच्च्या मालाचे पिंप तपासण्याचा कंटाळा केला जातो.

यावर साहजिक आक्षेप असा, की दोष एका कारखान्याचा आहे. तो बंद करा, मालकाला शिक्षा करा, बाकीच्या चांगल्या सिरपांना कशाला बोल लावता? कारखान्यांना शिक्षा झालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण शुद्ध सिरपाचा तरी या वयात उपयोग काय, हे विचारायला नको का? क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसा इशारा बाटलीवर छापावा, असे आपल्याच औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले होते. कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटॅमॉलबरोबर हीच जोडी होती. ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रीय आरोग्य खात्याने राज्यांना पुन्हा लिहिले: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालच्यांनाही साधारणपणे देऊ नयेत. अमेरिकेने दोन वर्षांखालच्या मुलांसाठी अशी सूचना २००८ मध्येच दिली होती. यातले काहीही भेसळीविषयी नाही. ही औषधे लहान मुलाची सर्दी एक दिवसानेही कमी करत नाहीत आणि झोप, धडधड, चिडचिड असे दुष्परिणाम मात्र करतात, एवढाच त्याचा अर्थ. फायदा शून्य असेल तर भेसळीची शक्यता लाखात एक असली तरी ती पत्करावी कशाला?

मग लोक ती का देतात? अडाणीपणामुळे, हे उत्तर शहाण्यांना सोपे जाते. बुटीबोरीकडे पाहिले की ते टिकत नाही. नागपूरच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, तुळजापूरचा महामार्ग जिथे हैदराबादच्या महामार्गाला मिळतो, तिथली ही औद्योगिक वसाहत विदर्भातल्या खेड्यांतून, शेजारच्या मध्य प्रदेशातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसांवर चालते. भाड्याची एक खोली, नवरा-बायको दोघे कामावर, आजी गावाकडे. कामगार ठेकेदाराकडचा असेल तर एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, आणि खाडे वाढले की गेटवर दुसरा माणूस उभाच असतो. अशा घरात मूल रात्री तीनदा उठले तर सकाळच्या शिफ्टचे काय होते, याचा हिशोब करून पाहा. मेडिकलच्या काउंटरवर 'छोटे बच्चे की सर्दी की दवाई दे दो' म्हणणाऱ्याला खरे तर औषध नको असते, त्याला उद्याची हजेरी हवी असते. क्लोरफेनिरामाइनने मुलाला गुंगी येते आणि घर झोपते. बाटलीवर लिहिलेले असते सर्दीचे औषध, विकली जाते ती झोप. त्या आईला अडाणी म्हणण्याआधी तिच्यापुढे दुसरा पर्याय काय ठेवला आहे ते पाहिले पाहिजे.

पर्याय म्हणून पाळणाघराकडे बोट दाखवले जाते. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे. ती प्रत्यक्षात किती ठिकाणी आहे हा वेगळ्या लेखाचा विषय. पण समजा सगळीकडे झाली, तरी सर्दीच्या दिवशी तिचा उपयोग नाही. शेंबडे मूल पाळणाघरात ठेवले की चार दिवसांत दहा मुले शिंकू लागतात, म्हणून बाई त्याला घरी पाठवतात, आणि त्यांचे बरोबरच असते. अंगणवाडीची वेळ शिफ्टशी जुळत नाही. आजारी मुलाला हवे असते ओळखीचे माणूस आणि त्याच्याजवळचा वेळ.

वेळ म्हणजे नुसते बसून राहणे नव्हे. सर्दी झालेल्या तान्ह्या-रांगत्या मुलाची शुश्रूषा हे कामच आहे, आणि ते बाटलीचे झाकण उघडण्यापेक्षा जास्त कष्टाचे आहे. नाक चोंदले की मिठाच्या पाण्याचे थेंब दोन्ही नाकपुड्यांत टाकायचे, थोडे थांबायचे, मऊ फडक्याने पुसायचे, मग पाजायचे. एका वेळी पोटभर घेत नाही म्हणून थोडे थोडे, दर तासा-दीड तासाने. वर्ष उलटलेल्या मुलाला रात्री झोपताना अर्धा-एक चमचा मध दिला तर खोकला शमतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, त्यातून बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. आजीबाईच्या बटव्यातले सगळेच सोने नसते हेही सांगायला हवे. गरम ओव्याची पुरचुंडी दूर धरून शेकणे ठीक, तिच्यात कापूर घालणे नाही, कारण कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. वेखंड-लसणाची धुरी ही तर सुजलेल्या श्वासनलिकेला दिलेली शिक्षाच. आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यापाशी मुलाला वाफ द्यायला बसवून पोळल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत.

इथे डॉक्टर मंडळींचा रास्त आक्षेप येतो. थांबा, थांबा म्हणत राहिलात आणि न्यूमोनिया निघाला तर? भीती खोटी नाही. पण न्यूमोनिया ओळखण्याचा मार्गही वेळेतूनच जातो, आणि तो विदर्भानेच दाखवला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना मुलांचे श्वास मोजायला शिकवले. आकडे न येणाऱ्या दायांसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे उपकरण बनवले. श्वास ठरावीक संख्येच्या वर गेला तर न्यूमोनिया समजायचा आणि गावातच प्रतिजैविक द्यायचे, नुसत्या सर्दीला द्यायचे नाही. 'लॅन्सेट'मध्ये १९९० साली छापलेल्या निष्कर्षानुसार त्या गावांतले न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. विदर्भात ज्याला 'डब्बा' म्हणतात, तो न्यूमोनिया निरक्षर दाईला ओळखता आला. मग दहावी-बारावी झालेल्या आईला का येणार नाही? मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, झबले वर करायचे आणि घड्याळ समोर ठेवून पोटाची वरखाली पूर्ण एक मिनिट मोजायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षे चाळीस किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो, मूल पाणी-दूध घेत नाही, झापड येते, ओठ निळे पडतात, तर रात्रीचे बारा वाजले असले तरी दवाखाना. ताप तीन दिवसांपुढे गेला, कान दुखतो म्हणून मूल हात लावू देत नाही, तरीही दाखवावे. शेंबूड हिरवा झाला एवढ्यावरून मात्र काही ठरत नाही. बाटली पाजून झोपवलेल्या मुलाचे श्वास कोणी मोजत नाही. म्हणून, न्यूमोनिया हातून निसटू नये असे वाटत असेल तर गुंगीचे औषध सगळ्यात आधी बंद करावे लागेल.

मोजायला आणि पाजायला घरात जागे माणूस हवे, आणि कामगाराच्या घरात ते कसे असेल याची व्यवस्था कोणाकडे आहे? बुटीबोरीतल्या कामगाराच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्यासाठी (ईएसआय) ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार, ठेकेदारीतलासुद्धा, कायद्याने यात येतो. या विम्यातून त्याच्या मुलाला डॉक्टर मिळतो, औषध मिळते. कामगार स्वतः आजारी पडला तर ७० टक्के मजुरीसह वर्षात ९१ दिवसांपर्यंत रजा मिळते. मूल आजारी असेल तर एकही दिवस नाही. रचनाच अशी आहे की व्यवस्था बाटली फुकट देते आणि दिवस देत नाही, आणि वर पुन्हा बाटली का दिली म्हणून आईला विचारते. पाच वर्षांखालचे मूल असलेल्या विमाधारक आईला किंवा बापाला वर्षातून सहा दिवस, मजुरीच्या ७० टक्क्यांनी, मुलाच्या आजारपणासाठी द्यावेत, एवढी माझी मागणी आहे. स्वीडनमध्ये असे दिवस प्रत्येक मुलामागे वर्षाला १२० पर्यंत मिळतात. ते आकडे इथे आणण्याचे कारण नाही, तत्त्व आणता येईल.

गैरवापर होईल, असे कारखानदार म्हणतील. थोडा होईलही. स्वतःच्या आजाराच्या रजेचा होतो, म्हणून ती कोणी रद्द केली नाही. शिवाय रात्रभर जागलेला माणूस सकाळी मशीनवर उभा राहिला तर त्याचा खर्च मालक कुठल्या खात्यात धरतो? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बांधकामावरच्या, वीटभट्टीवरच्या, घरकामाच्या बाया बहुतेक या विम्यात नाहीतच, त्यांचे काय? त्यांना या मागणीतून काही मिळत नाही, हे मान्य करायला हवे. पण ज्यांचे पैसे दर महिन्याला कापले जातात त्यांच्यापासून सुरुवात करायला कोणतीच अडचण नाही, नवा निधी लागत नाही, नवे खाते लागत नाही.

डॉक्टरांकडेही एक काम आहे. फी घेतली आणि चिठ्ठीवर औषध लिहिले नाही तर पेशंट पुन्हा येत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणून चिठ्ठीवर श्वासांची संख्या लिहावी. 'आज मोजले ३२, उद्या घरी मोजा, ४० झाले तर या' ही ओळ आईच्या हातात काहीतरी देते, आणि ती कुठल्याही सिरपापेक्षा कामाची आहे.

आता थंडीचे दिवस आले की बुटीबोरीच्या प्रत्येक चाळीत दोन-चार नाके गळायला लागतील. विम्याच्या नियमात 'आजारी' म्हणजे अजूनही फक्त स्वतः कामगार. त्याचे मूल नाही.