तुम्हाला काय, दोघंच तर!

यंदा होळीला आम्ही दोघं मेळघाटात जायचं म्हणतोय. घरी बोलले मात्र, सल्ले सुरू! काकू म्हणाली, "मार्चमध्ये काय जाता? मेमध्ये सगळ्यांबरोबर महाबळेश्वरला चला. तुम्हाला काय, दोघंच तर! मुलांकडे बघायला तेवढीच मदत." मावशीने तर नवसाला पावणाऱ्या एका देवीचा पत्ताच हातात ठेवला.

आता स्पष्टच लिहिते. मेची सुट्टी शाळेची. आम्हाला शाळा नाही, मग त्या गर्दीत आणि चढ्या भाड्यात आम्ही का जावं? मार्चमध्ये पळस पानं गाळून नुसता केशरी पेटलेला असतो. मेपर्यंत ते सगळं संपतं. कोरकू गावांत होळी पाच दिवस चालते, लोक फगवा मागत फिरतात. मुक्काम चिखलदऱ्याला, हजार मीटरहून उंच. तिथे कॉफी पिकते, आपल्या विदर्भात! नवऱ्याला वाघ बघायचाय. १९७३-७४ मधल्या देशातल्या पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. मला नाही दिसला तरी चालेल.

मूल नाही याचं वाईट वाटत नाही असं नाही. चार वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, सगळी रजा तिथेच गेली. म्हणूनच सांगते, ही सुट्टी उपचार नाही, नवस नाही आणि कुणाच्या मुलांची राखणही नाही. ती आमची आहे.

असो. मावशी, देवीला येऊ गं. पण नुसतं दर्शनाला. मागायला नाही.