एक तरी पदार्थ घरचा, सर्वांच्या हातचा

आपल्या गुजरातमधील शाळांना दिवाळीची २१ दिवसांची सुट्टी असते. परीक्षा संपली की मुले मोकळी होतात आणि घरात साफसफाई, खरेदी आणि फराळाची बोलणी सुरू होतात. अलीकडे मात्र ‘यंदा फराळाला काय काय करायचे?’ याऐवजी ‘यंदा फराळ कुठून आणायचा?’ हा प्रश्न अधिक ऐकू येतो. या विषयावर पालक, विद्यार्थी आणि विश्वस्त या सर्वांपुढे माझे मत मांडावेसे वाटते.

प्रथमच सांगतो, विकतचा फराळ आणण्यात मला काही गैर वाटत नाही. ज्या ‘घरच्या फराळाचे’ आपण कौतुक करत आलो, तो बहुतेक घरांत एकट्या आईच्या किंवा आजीच्या कष्टांवर उभा होता. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईने रात्री बारापर्यंत चकल्या तळाव्यात आणि बाकीच्यांनी टीव्हीसमोर बसून त्या चाखाव्यात, याला परंपरा म्हणणे मला पटत नाही. शिवाय आपल्याच समाजातील अनेक भगिनी फराळाच्या ऑर्डरी घेऊन संसाराला हातभार लावतात. त्यांच्याकडून घेतलेला लाडू कमी गोड लागत नाही.

आपल्या सुरतेचेच उदाहरण घ्या. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ अशी म्हण असलेले हे शहर. कोजागरीच्या रात्री आपण मसाला दूध आटवतो आणि दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सगळ्या सुरतेबरोबर घारी आणि भुसू खातो. १८५७ च्या लढ्यात तात्या टोपे यांच्या सैनिकांसाठी घारी बनवली गेली, अशी आख्यायिकाही येथे सांगतात. ही घारी बहुतेक घरांत दुकानातूनच येते. मावा भाजणे, पुरीत सारण भरून तळणे, वर तुपाचा थर चढवणे हे कसबी मिठाईवाल्याचे काम आहे. तरीही चांदनी पडव्याची गोडी कमी झालेली नाही, कारण त्या संध्याकाळी सगळे कुटुंब एकत्र बसून खाते.

मग घरी करण्याचा आग्रह कशासाठी? माझे उत्तर असे की, आपले काही पदार्थ मुळातच अनेक हातांसाठी आहेत. करंजी घ्या. एकाने पारी लाटायची, दुसऱ्याने सारण भरायचे, तिसऱ्याने कातण फिरवायची, कोणी तयार करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायच्या आणि मोठ्यांपैकी एकाने तळणीपाशी बसायचे. एकट्या बाईला ही शिक्षा वाटते. पाच जण बसले तर दोन तासांत डबा भरतो आणि त्या दोन तासांत घरात जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या महिनाभरात होत नाहीत.

या गप्पा आपल्या भाषेत होतात, हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. आपली मुले बाहेर गुजराती आणि हिंदी बोलतात. त्यात वाईट काही नाही, ते त्यांचे धनच आहे. पण मोहन, साटा, सारण, पारी, मुरड, कातण हे शब्द त्यांना पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतील. ते स्वयंपाकघरात, हाताला पीठ लागलेले असतानाच शिकायचे असतात. पदार्थ घरातून गेला की त्याच्याबरोबर दहा शब्दही जातात.

अनारशाचेच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत कापडावर पसरून ओलसर असतानाच दळायचे, गूळ मिसळून गोळा काही दिवस मुरवायचा, मग खसखशीवर थापून मंद आचेवर तुपात सोडायचा. एवढे करूनही कधी तो तुपात पसरतो आणि विरघळतो. तेव्हा आजी म्हणते, “अनारसा हसला!” आणि रागावण्याऐवजी सगळे घर हसते. आठवडाभराची मेहनत वाया गेली तरी थोडी तांदळाची पिठी घालून पुन्हा प्रयत्न करायचा असतो, हा धडा विकतच्या डब्यातून मिळत नाही.

आपल्यापैकी बरीच कुटुंबे तापीच्या काठाने खानदेशातून, जळगाव, धुळे, नंदुरबारकडून इकडे आली. आखाजीला उलट्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे आणि आमरस, ही त्यांची ओळख. मांडा पोळपाटावर नव्हे, तर दोन्ही हातांवर फिरवून मोठा करतात. हे पुस्तक वाचून जमत नाही, करणाऱ्याशेजारी बसूनच शिकावे लागते. फ्लॅटमध्ये चूल नाही, हे खरे. पण ज्यांना हे येते त्या आजी अजून आपल्या घरांत आहेत, तोवरच विचारून घ्यायला हवे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दिवाळीचा सगळा फराळ घरी करू नका. फक्त एक पदार्थ निवडा आणि तो सर्वांनी मिळून करा. वडिलांनी आणि मुलग्यांनीही त्यात बसलेच पाहिजे, नाहीतर भार पुन्हा आईवरच येईल. पाडव्याला शेजारचे गुजराती कुटुंब ‘साल मुबारक’ म्हणत घुघरा घेऊन येईल, तेव्हा त्यांच्या ताटात आपली करंजी ठेवा. दोन्ही ताटे एकाच दुकानातून आलेली असतील तर देवाणघेवाण कसली?

विश्वस्त मंडळाला एक विनंती आहे. पाककृती स्पर्धांमध्ये बहुधा आई रांधते आणि बक्षीस मूल घेते. त्याऐवजी सुट्टीपूर्वी एक दिवस मुला-मुलींनी शाळेतच करंज्या लाटाव्यात आणि भराव्यात, तळण्याचे काम मोठ्यांनी करावे. आणि सुट्टीच्या अभ्यासात आजीला किंवा आजोबांना विचारून घरातील एक पदार्थ त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून आणायला सांगावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमची पहिली करंजी बहुधा वाकडी होईल आणि तुपात फुटेलही. तरी ती ताटात पुढे ठेवा.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!