नियम कुणाचे, अर्थ लावणारं कोण?

गेल्या मे महिन्यात माझी सोळा वर्षांची भाची सुट्टीसाठी आमच्याकडे होती. रविवारी दुपारी ती आणि तिचे चार मित्र बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत. मी आतल्या खोलीत केंद्राचा अहवाल लिहीत असे. कान मात्र बाहेर.

मैत्रिणींनो, हा खेळ आपल्यातल्या अनेकींना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून साहसाची गोष्ट रचायची. एखादी गोष्ट साधेल की नाही ते फासे टाकून ठरतं. पात्राचा 'क्लास', म्हणजे पेशा, आधी ठरवावा लागतो: लढणारा फायटर, मंत्र जाणणारा विझर्ड, देवाच्या कृपेने जखमा भरून काढणारा क्लेरिक, असे. एकजण 'डंजन मास्टर' होतो. गोष्ट तो चालवतो, आणि नियमाबद्दल वाद झाला तर शेवटचा शब्द त्याचा.

भाचीला फायटर व्हायचं होतं. मुलं म्हणाली, "अगं, फायटर दोन झालेत. कुणीतरी बरं करणारं लागतंच ना. तू क्लेरिक हो." ती झाली. त्यानंतर तीन रविवार मी ऐकत होते, "आधी मला बरं कर", "तू पुढे येऊ नकोस, तू पडलीस तर आमचं कोण बघणार?" पोरं प्रेमळ आहेत, हेतू वाईट नव्हता. पण हे संवाद मला फार ओळखीचे वाटले. आपल्या घरात दुसरं काय चालतं?

कुतूहल वाटलं म्हणून मी या खेळाचा इतिहास शोधला. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो प्रसिद्ध केला. पहिल्या पुस्तिकेचं नाव 'मेन अँड मॅजिक' आणि लढवय्याच्या क्लासचं नाव 'फायटिंग-मॅन'. ऑक्टोबर 1976 च्या 'द ड्रॅगन' या नियतकालिकात लेन लाकोफ्का यांनी स्त्री-पात्रांसाठी वेगळे नियम सुचवले. त्यात सौंदर्याला गुण होते! 1978 च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये तर मर्यादाच छापली गेली. फायटरला ताकदीचे 18 गुण मिळाले की शंभरापर्यंतचा आणखी एक आकडा फाशांनी काढायचा. मानवी पुरुषाला पूर्ण शंभर घेता येत, स्त्रीला पन्नासच्या पुढे मनाई. शंभरवाल्याच्या घावाला सहा गुण जास्त मिळत, पन्नासवालीच्या घावाला तीन.

समर्थन काय, तर वास्तवाला धरून आहे. आग ओकणारा ड्रॅगन चालतो, मेलेला माणूस मंत्राने उठलेला चालतो, वास्तव आठवतं ते बाईच्या दंडाशी आल्यावर! सरासरी बाई आणि सरासरी पुरुष यांचा तर इथे प्रश्नच नव्हता. तीन फासे टाकून 18 मिळण्याची शक्यता 216 त एक, आणि त्यावर शंभर पडण्याची 21,600 त एक. अशी एखादी असामान्य स्त्री फाशांनी घडवलीच, तर तिचे पन्नास गुण कापायचे, एवढंच त्या नियमाचं काम होतं.

1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा गेली. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तर पात्र स्त्री असो वा पुरुष, त्याने फायदा नाही की तोटा नाही, असं स्पष्टच लिहिलं आहे. मग माझी भाची तीन रविवार मलमपट्टी का करत बसली? नियमात तसं नव्हतंच. क्लेरिक हा क्लास 1974 पासून चिलखत घालून हातात गदा घेऊन लढणारा आहे. त्याची परिचारिका केली ती अर्थ लावणाऱ्यांनी.

आपल्याला हे नवं नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान वाटा महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली मिळाला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्थ लावला, की कायदा बदलला तेव्हा वडील हयात असले तरच. 2020 मध्ये त्याच न्यायालयाने तो अर्थ चुकीचा ठरवला, कारण हक्क जन्माने मिळतो. एकाच कलमाचे पाच वर्षांत दोन अर्थ! आणि घरोघरी तिसराच अर्थ चालतो: "भावाचं मन कशाला मोडतेस?" म्हणून हक्कसोडपत्रावर सही.

आता माझीही एक गोष्ट कबूल करते. तिसऱ्या रविवारी ऐन लढाईत मी आतून हाक मारली, "अगं, सगळ्यांना सरबत ने गं!" पाचजणांत मला हाक मारायला तीच सापडली. ती उठली, पेले भरले आणि मला म्हणाली, "मावशी, तूसुद्धा मला क्लेरिकच केलंस." मला उत्तर सुचलं नाही.

त्या रात्री ती नियमांचं पुस्तक घेऊन उशिरापर्यंत वाचत बसली. पुढच्या रविवारी तिने सांगितलं, "आज डंजन मास्टर मी." क्लेरिक कोण होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठी निघाली त्या मुलाने जरा कुरकुर केली. मग त्याने पान उघडून वाचलं आणि ओरडला, "अरे, याला गदा आहे!" दोन वेळा सर्वांत पुढे तोच होता.

नियम बदलून घेण्यासाठी आपण मोर्चे काढले, ते काढलेच पाहिजेत. पण बदललेला नियम स्वतः वाचायचा आणि अर्थ लावणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसायचं, हे काम अजून बरंच बाकी आहे. सरबत मुलं आणतील. आमच्याकडे आता आणतात.