डोंबिवलीला टीम का नाही?

आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटवाला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या!

शाळेत असताना बाबा मला वरळीच्या डोममध्ये यू मुंबाची कबड्डी बघायला घेऊन गेले होते. शेवटची पाच मिनिटं राहिली आणि बाबा उठले. "चल, गाडी चुकेल." महालक्ष्मी, दादर, मग डोंबिवली. निकाल आम्हाला डब्यात कुणाच्या तरी मोबाईलवर कळला. तेव्हापासून डोक्यात आहे, २०११ च्या जनगणनेत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली मिळून ३० लाखांच्या वर माणसं, मग आमची स्वतःची टीम का नसावी?

कॅनडातल्या विनिपेगची वस्ती साडेसात लाखांच्या आसपास. त्यांची आइस हॉकीची टीम १९९६ मध्ये अमेरिकेत गेली. खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये आणि तिकिटांचा गल्ला कॅनडाच्या डॉलरमध्ये, मेळ बसेना. २०११ मध्ये अटलांटाची टीम उचलून परत तिथे आणली. तिथे सीझनला घरच्या मैदानावर चाळीसेक मॅचेस होतात आणि तिकिटांच्या पैशावर बरंच काही अवलंबून असतं. त्यामुळे गावातली माणसं थंडीत घराबाहेर पडतात की नाही याची मालकाला काळजी करावीच लागते.

आपल्याकडे मोठा पैसा टीव्हीचा. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. मग गेटवर कोण आलं याची फिकीर कशाला? २०२५ च्या प्रो कबड्डीत यू मुंबाची एकही मॅच मुंबईत झाली नाही. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली, बस्स. हॉकी इंडिया लीग २०२४-२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तर पुरुषांच्या आठ टीम्समध्ये महाराष्ट्राची एक नाही. म्हणजे गावाचं नाव फक्त जर्सीवर छापायला!

शिवाय आम्ही पडलो मुंबईच्या सावलीत. टोरांटोजवळच्या हॅमिल्टनचंही तेच झालं. २००९ मध्ये ब्लॅकबेरीवाला जिम बाल्सिली फीनिक्सची टीम विकत घेऊन तिथे न्यायला निघाला होता. लीग आडवी आली, प्रकरण कोर्टात गेलं आणि हॅमिल्टन राहिलं तसंच.

कुणी म्हणेल, डोंबिवलीकर तिकीट काढणार नाहीत. अहो, नाटकवाल्यांना विचारा! गडकरी रंगायतन, सावित्रीबाई फुले, कल्याणचं अत्रे रंगमंदिर... रविवारचा प्रयोग लावायला ते इथे धावत येतात, ते काय उगाच?

मात्र एक कबूल करतो. बुधवारी साडेसातला मॅच ठेवली तर आमचं अर्धं पब्लिक घाटकोपरला लटकलेलं असेल. कॅनडासारख्या चाळीस संध्याकाळी इथे भरणार नाहीत. पण सात-आठ रविवार नक्की भरतील. कबड्डीला लागतं काय, एक मॅट, डोक्यावर छप्पर आणि बसायला पायऱ्या. मॅच दुपारी चारला ठेवा, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. बाबांचं तिकीट मी काढतो.