जिनिंग चालू ठेवून काटा तपासा

मानवतला कापसाचा लिलाव बाजार समितीत होतो, पण माप होतं जिनिंगच्या दारातल्या वजनकाट्यावर. गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याचे डोळे खिडकीतल्या लाल आकड्यावर. तो ४,२३० वरून ४,२४०, मग ४,२२० असा नाचू लागला, की मागून आवाज येतोच : "काटा मारला!" जिनिंगांत पॅनेल बसवणं आणि केबल ओढणं हा माझा धंदा. काटे मारले जातात, हे मलाही ठाऊक आहे. पण चोरीचा आकडा नाचत नाही. तो गपगुमान एका जागी उभा असतो. नाचणारा आकडा दिसला, तर मी आधी केबलची चारी उकरायला सांगतो.

काट्याखालच्या लोडसेलला, म्हणजे वजन ओळखणाऱ्या सेन्सरला, साधारण १० व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला तो जेमतेम २० मिलिव्होल्ट परत देतो. ६० टनांच्या काट्यावर १० किलोच्या वाट्याला तीन-साडेतीन मायक्रोव्होल्टच्या वर काही येत नाही. आणि लोडसेलची केबल ज्या चारीतून येते त्याच चारीतून, पुष्कळदा त्याच पाइपातून, पंख्याच्या मोटारीची केबल गेलेली असते. मोटार ड्राइव्हवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या यंत्रणेवर, असेल तर त्या केबलीत ५८० व्होल्टच्या आसपासचा दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो. पाळण्यातल्या लेकराच्या उशाशी ताशा वाजवावा, तसला हा शेजार.

हे टाळायला फार मोठी विद्या लागत नाही. लोडसेलची केबल पॉवर केबलपासून निदान फूटभर लांब न्यावी, आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात. समांतर धावू देऊ नये. पीव्हीसी पाइप उंदरापासून वाचवतो, विजेच्या नॉइजपासून नाही. त्याला लोखंडी पाइप किंवा वेगळा ट्रे हवा. केबल पीळ दिलेल्या जोडीची आणि शिल्डची घ्यावी. "आर्मर्ड टाकली की झालं" म्हणणारे खूप भेटतात. आर्मर फावड्याच्या घावासाठी असतं, शिल्डचं काम वेगळं. लोडसेलचं शिल्ड आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरकडच्या एकाच टोकाला अर्थ करायचं. दोन्हीकडे केलं तर दोन अर्थिंगमधल्या फरकाचा करंट त्यातूनच फिरतो. ड्राइव्ह ते मोटार या केबलचं मात्र उलट : तिचं शिल्ड दोन्ही टोकांना घट्ट बांधावं लागतं.

शिल्ड ज्याला बांधायचं, ते अर्थिंग हे आपल्या काळ्या मातीचं खास दुखणं. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की माती इलेक्ट्रोडपासून सुटते, खड्डा कोरडा पडतो. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला, तरी त्या खड्ड्याकडे कोणी फिरकत नाही.

मग आकडा नाचू लागला की करतात काय? इंडिकेटरवाल्याला बोलावतात. तो सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर वाढवतो, आकडा शांत होतो, मालक खूश. मला हा इलाज अजिबात मान्य नाही. एकसारखा नॉइज आकड्याला एका बाजूला सरकवूनही ठेवू शकतो. तो सरकलेला आकडा फिल्टर फक्त स्थिर करून दाखवतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे काट्याचं दहा किलोचं एक घर इकडे-तिकडे झालं, की ८११ रुपये हलले. कधी शेतकऱ्याचे, कधी मिलवाल्याचे.

वैधमापनशास्त्र विभाग वजनकाट्यांची वर्षाला पडताळणी करून मुद्रांकन करतो. माझं मागणं एवढंच, की ही पडताळणी जिनिंग चालू असताना व्हावी. प्रमाणित वजनं काट्यावर ठेवलेलीच असावीत आणि मग रेचे, पंखे, प्रेसचा पंप एकेक करून सुरू करावेत. आकडा एक घर जरी सरकला, तरी शिक्का थांबवावा आणि केबल कुठून आली आहे ते उघडून बघावं. बंद मिलमध्ये काटा बरोबरच दाखवणार. कापूस काही बंद मिलमध्ये मोजला जात नाही.

यावर मिलवाले म्हणतील, दुसरी चारी, शिल्डची केबल, वरून मजुरी, हा खर्च कोणी करायचा? त्यांनीच. एका काट्याची वेगळी चारी जेसीबी अर्ध्या दिवसात काढून देतो, आणि त्यासाठी पावसाळ्याआधीचे दोन-तीन महिने मिल बंदच असते.