स्वरयंत्र काढल्यानंतर

बारावी सायन्सनंतर ‘डॉक्टर की इंजिनिअर’ एवढंच घोकणाऱ्यांनी एकदा परळला यावं. इथल्या टाटा मेमोरियलमध्ये १९४१पासून कर्करोगावर उपचार होताहेत. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाच्या श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या भिंतीत सर्जन छोटी झडप बसवतात. तिच्यातून हवा वळवून पुन्हा शब्द काढायला शिकवतात ते स्पीच थेरपिस्ट. गिळायलाही तेच शिकवतात. (तंबाखू सुटत नाही तोवर या कामाला तोटा नाही, दुर्दैवाने.)

स्पीच थेरपीची पदवी चार वर्षांची, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. मुंबईत नायर रुग्णालयात किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकता येतं. पण कोकणातून उपचाराला आलेल्या आजोबांचा बोलण्याचा सराव त्यांच्याच बोलीत घ्यावा लागतो. म्हणून मराठी मुलामुलींनी या वाटेचा विचार करावा, असा आमचा आग्रह. आमच्या या अंकाचा विषयही हीच वाट.