मूर्तीचे तारण आणि पाण्याची पोढी

बँकेच्या नोकरीत मी जन्मभर एकच प्रश्न विचारला : तारण काय? राजांनाही हा प्रश्न चुकत नाही. तलवारीने मुलूख मिळतो, मान्यता मिळत नाही. मनगटाच्या जोरावर स्वराज्य उभारणाऱ्या शिवरायांनाही १६७४ साली रायगडावर गागाभट्टांकडून राज्याभिषेक करवून घ्यावा लागला.

बौद्ध देशांत हे तारण म्हणजे बुद्धाची मूर्ती किंवा धातू. लाओसमधल्या व्हिएन्तियानहून जिंकून आणलेला ‘पाचूचा बुद्ध’ पहिल्या रामाने १७८४ साली बँकॉकच्या राजवाड्यालगत बसवला. आजही ऋतुमानाप्रमाणे वर्षातून तीनदा त्याचा पोशाख राजाच्या हातून बदलतो. श्रीलंकेत कँडीचा दंतधातू ज्याच्या ताब्यात, राज्य त्याचे, अशी श्रद्धा होती. म्हणून तर १८१८ च्या उठावात हातचा गेलेला तो दात परत मिळाला, तेव्हा इंग्रजांना हायसे वाटले!

आता आमच्या महाडकडे या. गावाबाहेर हमरस्त्यालगत गांधारपाल्याची लेणी आहेत. तिथल्या शिलालेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने आपले दान नोंदवले आहे : लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि पाण्याच्या दोन पोढ्या. या राजपुत्राच्या लढाया कोणाला ठाऊक नाहीत. त्याचे नाव राहिले ते दिल्यामुळे, घेतल्यामुळे नव्हे. पाचूचा बुद्ध राजाने जिंकून नेला. इथे राजपुत्रच भिक्षूंच्या दारी देणगी घेऊन आला. मला हे तारण अधिक पक्के वाटते.

त्याच महाडात, पाणवठे सर्वांना खुले असल्याचा ठराव कागदावर असूनही, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ उजाडले. ठराव करणारी सत्ता होती. पाणी देणारी नव्हती.

१९५६ च्या धर्मांतरानंतर बुद्ध घराघरांत आला. त्याला कोणा राजाची हमी लागली नाही. आता दर मार्चमध्ये पुढारी चवदार तळ्यावर हार घेऊन येतात. येऊ द्यावे. पण वाचकहो, हार मोजू नका. पोलादपूरच्या डोंगरवाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तिथे कोणी पोढी खोदली का, तेवढे विचारा. सत्तेचे तारण तिथे तपासायचे असते.